प्रशिक्षकाचे नाव

काल फॉर्म परत आला. 'प्रशिक्षकाचे नाव' या रकान्याभोवती लाल शाईचा गोल, आणि शेजारी शेरा : 'मान्यताप्राप्त नाही.' मी नववीच्या वर्गावर समीकरणं शिकवत होते. शिपायाने फॉर्म हातात दिला, मी तो शेरा वाचला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांनी पटकन वह्यांत डोकी घातली. त्यांना वाटलं, कोणाची तरी तक्रार आली.

मान्यताप्राप्त नाही म्हणे! अरे, तळोद्यात बॅडमिंटन आणलं कोणी? जाळी म्हणजे फक्त व्हॉलीबॉलची, एवढंच ज्या गावाला ठाऊक, त्या गावातून दरवर्षी दोन-तीन पोरं जिल्ह्याच्या संघात धाडली कोणी? तुमच्या लाल शाईच्या बाटलीने?

फॉर्म रमिलाचा आहे. रमिला धडगावच्याही वरच्या एका पाड्यातली पोरगी. इथे वसतिगृहात राहते, आमच्याच शाळेत शिकते, चौदा वर्षांची आहे, आणि तिच्यासारखा बॅकहँड मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलेला नाही. विभागाच्या निवडीसाठी तिचं नाव जायचंय आणि उद्या शेवटची तारीख आहे. रकान्यात क्रीडा कार्यालयातल्या साहेबांचं नाव लिहिलं तर फॉर्म पुढे जातो. चाचांचं लिहिलं तर परत येतो. आता ह्या साहेबांनी रमिलाला एकदासुद्धा खेळताना पाहिलेलं नाही, आणि चाचांनी तिला रॅकेट कशी धरायची इथपासून शिकवलंय. भानगड एवढीच आहे.

चाचा म्हणजे गाद्या भरणारे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. वडिलांची जुनी पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं ते लांबलचक धनुष्य, दुकानाच्या भिंतीवर अजून टांगलेली आहे. पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा आवाज ऐकत ते मोठे झाले, त्यामुळे माणसाचा कान असा तयार, की विचारू नका. तरुणपणी कामासाठी सुरतेला गेले, तिथे एका मोठ्या क्लबाच्या गाद्या भरता भरता बॅडमिंटन पाहिलं, आणि वेड लागलं. परत आले ते तीन वाकड्या रॅकेटी घेऊन. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

रॅकेटचं जाळं विणायला यंत्र लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी सुताराकडून एक चौकट करून घेतली आणि गादी शिवायच्या दाभणाने तार ओढायला सुरुवात केली. तार ओढली की बोटाने छेडायची, कान लावायचा, मान हलवायची, पुन्हा ओढायची. नंदुरबारची पोरं यंत्रावर विणलेल्या रॅकेटी आणायची आणि आमच्या चाचांकडून पुन्हा विणून न्यायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

शिकवताना ते खेळाकडे बघत नसत. कोर्टाच्या कडेला कापसाच्या गाठीवर मांडी घालून, डोळे मिटून बसायचे. शटल जाळ्याच्या मधोमध लागलं तर गप्प. जरा कडेला लागलं की ओरडलेच : "लाकूड वाजनं!" रॅकेटी ॲल्युमिनियमच्या झाल्या, मग कार्बनच्या झाल्या, पण चाचांच्या लेखी चौकट म्हणजे लाकूड ते लाकूडच. एकदा मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून रॅकेट गुडघ्यावर आपटली. डोळे न उघडता म्हणाले, "आते हाड वाजनं. नाटकं करू नको, माय, खेळ."

आमचा क्लब भरायचा एका जुन्या जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. गोडाऊन एका गुजराती शेठजींचं. शेठजी जैन, पाणीसुद्धा गाळून पिणारे. चाचांनी जागा मागितली तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की ह्या फुलाला (शटलला आमच्याकडे फूलच म्हणतात) लावलेली पिसं येतात कुठून? चाचा खोटं बोलणारे नव्हेत. सांगितलं, बदकाची असतात, एका फुलाला सोळा. शेठजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मारा गोडाऊनमां नहीं!"

दुसरा कोणी असता तर उठून आला असता. चाचा तिथेच बसून राहिले आणि त्यांनी असा तोडगा काढला, की असला तोडगा तळोद्यातच निघावा. म्हणाले, "शेठजी, तुमच्या जागेत नवं फूल कधी उघडणार नाही. दुसऱ्यांनी फेकून दिलेली फुलं आणू, मोडलेली पिसं काढू, चांगली पिसं लावू, आणि त्याच्यावर खेळू. आमच्यापायी एक बी पाखरू मरणार नाही." शेठजींनी दोन दिवस विचार केला आणि किल्ली दिली. हिंदू नाही, मुसलमान नाही, जात नाही, पात नाही. एका गादीवाल्याने शब्द दिला आणि तो पाळला जाईल असं एका शेठजीने मानलं. ह्याला म्हणतात मान्यता. कळलं का, लाल शाईवाल्यांनो?

सुरतेच्या क्लबात फेकलेली शटलं गोणीत भरून यायची, आणि ती गोणी आणायचे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते, सुरत गाडीवर ड्यूटी असायची. विसरवाडीला चहाला गाडी थांबली की प्रवासी विचारायचे, मास्तर, गोणीत कोंबड्या आहेत काय? वडील म्हणायचे, होत्या, आता नुसती पिसं उरलीत. त्या गोणीच्या पायी मी क्लबात पोचले. वडिलांबरोबर गोणी द्यायला गेले होते, अकरा वर्षांची होते. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समोर पिसांचा ढीग ओतला. "बठ. डावा पंखनं अलग, उजवा पंखनं अलग."

हा क्लबाचा नियम. पहिले पंधरा दिवस रॅकेटला हात लावायचा नाही. पिसं निवडायची. एका फुलात सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, एक जरी उलट बाजूचं आलं तरी फूल हवेत लडखडतं. पिसाचा बाक बोटाने ओळखायचा, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून ते सरळ करायचं, देठाला सरस लावायचा, बुचात बसवायचं आणि गादीच्या दोऱ्याने बांधायचं. पंधरा दिवसांनी चाचा डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि हातात पीस द्यायचे. डावं की उजवं? चुकलं तर आणखी पंधरा दिवस.

सुटका कोणालाच नव्हती. तहसीलचे एक अधिकारी पांढरेशुभ्र बूट घालून आले होते. चाचांनी त्यांच्याही पुढे ढीग ओतला. "बठा, साहेब." साहेब म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" चाचा म्हणाले, "ते पंधरा दिवसनंतर समजी." साहेब जे गेले ते परत फिरकले नाहीत. पण बँकेचे मॅनेजर मात्र बसले. शेजारी हमालाचा मुलगा, समोर ते. पंधरा दिवस पिसं निवडली आणि परीक्षेत नापास झाले. मुकाट्याने पुन्हा बसले, बिचारे. पुढे बदली झाली तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

कापसाच्या हंगामात अर्धं गोडाऊन गाठींनी भरायचं. मग उरायचं पुढचं अर्धं कोर्ट. चार महिने आम्ही जाळीजवळच खेळायचो. म्हणून आसपासच्या तालुक्यांत आमची ख्याती होती, तळोद्याची पोरं जाळीपाशी वाघ आणि मागे मेंढी.

आणि शेठजींना दिलेल्या शब्दाने आमची जी फजिती केली, ती तर बोलायची सोय नाही. नंदुरबारला माझी पहिली जिल्हा स्पर्धा. पंचांनी डब्यातून कोरं फूल काढून दिलं. मी तोवर आयुष्यात नव्या फुलाला रॅकेट लावली नव्हती. आमची फुलं दुरुस्त केलेली, दोरा-सरस लावून जड झालेली, ती लांब घालवायची तर जीव काढून मारायला लागायचं. मी सवयीने तसंच मारलं. फूल गेलं ते थेट मागच्या भिंतीवर. पुन्हा मारलं, पुन्हा भिंत. पंच नुसते 'आऊट, आऊट' म्हणत होते. लोक खदाखदा हसायला लागले. समोरची मुलगी तर शेवटी-शेवटी रॅकेट खाली करूनच उभी राहिली. मला रडू फुटलं. वर बघते तर चाचाही हसतायत! पोट धरून हसतायत! मला असा संताप आला. मधल्या वेळात खाली आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गलती मन्ही शे, तुन्ही नही. नवं फूल शे ते, त्याले मारू नको. नुसतं सांग, कोठे जावानं ते." उरलेले दोन्ही गेम मी जाळीपाशी खेळले आणि जिंकले. चाचांनी परतीच्या गाडीत अख्ख्या एसटीला जिलबी वाटली.

मग गावात इनडोअर हॉल झाला. लाकडी कोर्ट, पांढरेशुभ्र दिवे, सगळं झकपक. उद्घाटनाला आम्हा क्लबाच्या पोरींना नटवून हातात आरतीची तबकं दिली. चाचांना कोणी बोलावलंच नव्हतं, ते आपले आपण आले होते. शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात वाजवल्या. भाषणं झाली, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप!

किल्ली अधिकारी मंडळींकडे. पहाटे सहाला ते यायचे, तासभर घाम गाळायचे, कुलूप लावून जायचे. बाकी दिवसभर हॉल बंद. आम्ही विचारलं की उत्तर, देखभाल चालू आहे. मधल्या काळात त्याच लाकडी कोर्टावर कोणाच्या तरी लग्नाच्या पंगती उठल्या, ते देखभालीत बसलं. आम्ही बसलो नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि त्याच सुमारास शेठजी वारले, त्यांच्या मुलाने गोडाऊन विकलं. पोरांना खेळायला जागाच उरली नाही.

चाचा तीन वेळा अर्ज घेऊन गेले. चौथ्यांदा गेले नाहीत. एके दिवशी पहाटे साडेपाचला हॉलसमोरच्या रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या आणि जाळीचं एक टोक समोरच्या कडुनिंबाला आणि दुसरं थेट हॉलच्या कुलपाच्या कडीला बांधलं. आम्ही खेळायला लागलो. वारा असा, की फूल इकडे मारलं की तिकडे जायचं. सहाला मंडळी आली. आत जायचं तर जाळी सोडायला हवी. चाचा हात जोडून म्हणाले, "साहेब, फक्त पॉइंट संपू द्या." पॉइंट संपला की दुसरा सुरू. रिक्षावाले थांबले, दूधवाले थांबले, सगळे बघत उभे. एक साहेब ओरडले, "हा काय तमाशा आहे?" तर दूधवालाच म्हणाला, "तमाशा नही, साहेब, बॅडमिंटन शे."

पाचव्या दिवशी आदेश निघाला : मुलांसाठी हॉल दुपारी चार ते सहा खुला. आम्ही गल्लीत नाचलो. पण आदेशाला खाली एक शेपूट होतं. कोर्टवर फक्त खेळाडू आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षक. तालुक्यात असा प्रशिक्षक एकच, खुद्द कार्यालयातले साहेब. त्यांनी कुठे तरी आठवडाभराचं शिबिर केलं होतं आणि त्याचा कागद त्यांच्याकडे होता. चाचांकडे कागद नव्हता. नुसता कान होता.

मी म्हटलं, चाचा, तुम्ही नाही तर आम्हीही नाही. चाचा माझ्यावर असे भडकले, की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "पाच दिवस धूळ कसाले खादी? आतमा जा!" आम्ही आत गेलो. चाचा बाहेर खिडकीखाली, गादीचा एक तुकडा टाकून बसायला लागले. आत फूल कडेला लागलं की खिडकीतून आवाज : "लाकूड वाजनं!" महिनाभर हे चाललं. मग साहेबांनी खिडक्या बंद करायला लावल्या. कारण काय, तर वाऱ्याने फूल हलतं. आणि चाचा काय म्हणाले असतील? "बराबर शे. हवा नकोच." खेळाच्या बाबतीत खरी गोष्ट शत्रूने सांगितली तरी मान्य, असा हा माणूस. पुढे काचेला कान लावून बसायचे. साहेब तेव्हा आत, गुडघ्याला पट्टा बांधून, मोबाईलवर बोलत बसलेले असायचे.

आता जे सांगायचं ते सांगताना मला स्वतःचीच चीड येते. मी सतरा वर्षांची असताना माझी विभागासाठी निवड झाली. तेव्हाही असाच फॉर्म होता, असाच रकाना. कारकुनाने बोट ठेवून सांगितलं, "इथे साहेबांचं नाव टाक, नाही तर रद्द होईल." मी टाकलं. एका क्षणाचाही विचार न करता, सुवाच्य अक्षरात. नाशिकला दोन फेऱ्या जिंकले. पेपरात फोटो आला, खाली छापलं होतं की साहेबांच्या कुशल मार्गदर्शनाखाली. चाचांनी ते कात्रण खळीने दुकानाच्या भिंतीवर, पिंजणीच्या शेजारी चिकटवलं. आल्या-गेल्याला दाखवायचे, "हाई मन्ही पोर." खालची ओळ त्यांनी वाचली होतीच. वाचता चांगलं येत होतं त्यांना. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या साहेबांची बदली झाली. जाताना त्यांना तालुक्यात बॅडमिंटन रुजवल्याबद्दल शाल आणि श्रीफळ मिळालं. पुरावा म्हणून माझंच कात्रण लावलं होतं. नवे साहेब आले, नियम तोच राहिला. चाचा नव्या पोरांना दुकानासमोरच्या गल्लीत शिकवत राहिले. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की पुढचा फॉर्म माझ्या हातून जाईल तो चाचांच्या नावाने जाईल. म्हणून रमिलाचा फॉर्म तसा भरला. आणि काल तो परत आला.

आज संध्याकाळी मी कोरा फॉर्म घेऊन दुकानात गेले. सगळं भरून झालं होतं, तो रकाना तेवढा चाचांच्या समोर भरायचा होता, त्यांचंच नाव, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. चाचा आता सत्तरीपार गेलेत, गुडघे गेलेत, पण गादीला टाके अजून स्वतः घालतात. मी एका दमात सगळं ओतलं. पुन्हा हेच नाव धाडणार, पुन्हा परत आलं तर पेपरात देणार, कलेक्टर कचेरीसमोर बसणार, ह्या लोकांची अब्रू चव्हाट्यावर आणणार. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला, की समोरचा पानवाला डोकावून गेला.

चाचांनी दाभण बाजूला ठेवलं. "आनि रमिला? ती खेळी का?"

"चाचा, हाई एक फॉर्मनी गोठ नही. तुम्हना जलमभरना सवाल शे."

"रमिला खेळी का नही, ते सांग."

मी फॉर्मवरच्या तारखेकडे बघितलं.

"उद्या शेवटनी तारीख शे ना? मंग भांडण परवा कर. मी बी येसू तुन्हासंगे, बठसू कलेक्टरना दारमा. पन आज फॉर्म दे."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं. "एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. हा हात पुन्हा ते करणार नाही."

चाचा हसले. हात पुसले, चष्मा लावला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि फॉर्म गादीवर पसरला. रकान्यावर पेन टेकवलं आणि वर बघून मला विचारलं, "नवा साहेबनं नाव काय शे?"

त्यांना ते नावसुद्धा माहीत नव्हतं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. चाचा थांबले. घाई केली नाही, रागावले नाहीत, नुसते पेन धरून माझ्याकडे बघत राहिले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यावरच चिडावंसं वाटत होतं.

"सांग, माय," ते म्हणाले. "मले कोठे ठाऊक शे."

मी सांगितलं. चाचांनी पहिलं अक्षर कोरलं आणि विचारलं, "मंग?" मी दुसरं सांगितलं.